गाठीकडे निघालेली चीर

मी एक जुना दांडा आहे, मित्रांनो. धनुष्याचा दांडा. आता माझ्यावर दोरी नाही आणि मला कुणी ताणत नाही. झोपडीच्या गवतात खोचून ठेवलेला असतो मी. अधूनमधून कुणी मला बाहेर काढतं, हातात तोलून बघतं, आणि मग त्याची नजर माझ्या पोटावर जाते. तिथे खालच्या टोकापासून एक चीर वर चढलेली आहे. नख फिरवलंत तर अडकेल. "अरेरे, तडकलाय," असं म्हणून लोक मला पुन्हा गवतात खुपसतात. तडकलाय म्हणे! त्या चिरेपायी एक घर मोडायच्या बेतात आलं होतं, हे त्यांना कुठे ठाऊक आहे? म्हणून म्हटलं, आपली हकीकत आपणच सांगावी.

आफ्रिकेतल्या आमच्या एयासी सरोवराच्या वरच्या खडकांत मुटाटेकोची झाडं वाढतात. मी त्यांतल्याच एका झाडाचा. सरळ, मनगटाएवढा जाड, आणि खालच्या बाजूला एकच गाठ. पाऊस संपता संपता, हवेत ओल असताना दांडा तोडावा, म्हणजे तो सावकाश वाळतो. हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. माझ्या धन्याला, शाउरीलाही माहीत होतं. पण त्याने मला तोडलं ते भर कोरड्या दिवसांत, ओठ फुटतील असा वारा सुटलेला असताना. त्याचा तरी काय इलाज होता? दोनच दिवसांपूर्वी रानडुकरावर बाण ताणताना त्याचं जुनं धनुष्य मधोमध मोडलं होतं. त्याचा तुकडा उडून त्याच्या गालाला लागला होता. मला तोडताना त्या गालावरची जखम पुरती सुकलीही नव्हती. दुसऱ्याचं धनुष्य मागावं, तर जो तो आपापलं घेऊन पहाटेच रानात गेलेला. रिकामं धनुष्य तळावर कुठून असणार?

आणि शाउरीला घाई होती. आमच्या हाड्झा लोकांत जावई सासूच्या तळावर राहतो, आणि सासूला मांस मिळालं पाहिजे. शाउरीने दोन महिने धड काही मारलं नव्हतं. एखादा ससा, एखादी रानकोंबडी, झालं. तेवढ्याने काय होतंय? त्याच्या बायकोचं नाव पिली, आणि तिच्या कडेवर दूधपिती पोर. सासूचं नाव वांदे. वांदेचा आवाज असा, की ती बोलली की खडकावरची माकडंसुद्धा गप्प होत.

पण जावई आणि सासू आमच्यात समोरासमोर बोलत नाहीत. ती लाज दोघांनी पाळायची असते. मग सासूने टोमणे मारायचे कुणाला? मला! शाउरी खडकावर बसून माझी साल सोलत होता आणि पाच पावलांवर वांदे गोरखचिंचेच्या बिया दगडाने फोडत होती. ती त्याच्याकडे पाठ करून माझ्याशी बोलायला लागली.

"ए लाकडा, ऐकतोयस ना? खडकातल्या खळग्यात पाणी आहे तोवर आम्ही इथे. पाणी संपलं की खालच्या झऱ्यावर जाणार. त्या दिवसापर्यंत एका माणसाने मांस आणलं तर ठीक. नाहीतर माझी पोर माझ्या झोपडीत राहील, आणि तो माणूस आपले बाण उचलून जिकडे वाट फुटेल तिकडे जाईल. माझ्या दारात रिकाम्या हाताचा जावई नको."

शाउरीची सुरी थांबली. मग पुन्हा चालू लागली, जरा जास्तच जोरात.

त्याने मला दोन्ही बाजूंनी तासून बारीक केलं, म्हणजे मी लवकर वाळेन, आणि तापलेल्या खडकावर उन्हात आडवं टाकलं. पिली पोरीला घेऊन तिथे आली.

"टोकांना काय लावलंस?"

"चरबी कुठंय? शिकार नाही तर चरबी येणार कुठून?"

"मग मेण लाव."

 आता मेण आणणार कुठून, कपाळ?

मित्रांनो, ओल्या लाकडाची ओल अंगावरून हळूहळू जाते, पण कापलेल्या टोकांतून भसाभसा जाते. टोक आधी सुकतं, आकसतं; आतलं लाकूड अजून ओलं, फुगलेलं. मग टोक फाटतं. म्हणून टोकं चरबीने नाहीतर मेणाने बंद करायची. आणि मेण तर आदल्याच दिवशी ढीगभर होतं! मधाची वाट दाखवणारं पाखरू किलबिलत पुढे उडालं, माणसं त्याच्या मागे गेली, झाडावरचं पोळं काढलं, मध खाल्ला. त्या पाखराचा जीव सगळा मेणावर. पण त्याला पोटभर मेण मिळालं तर ते उद्या कशाला हाक मारील? म्हणून आमची माणसं उरलेलं मेण तिथेच जाळतात. पाखरू उपाशी राहिलं की दुसरं पोळं दाखवतं. त्या दिवशी मेण जाळायला सगळ्यांत पुढे कोण होता? शाउरी! "एक कणही ठेवू नका," असं ओरडत त्याने सालीला चिकटलेलं मेणसुद्धा खरवडून आगीत टाकलं होतं. त्यातलं मूठभर मेण माझ्या टोकांना पुरलं असतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी ते झालं. मी खडकावर पडलो होतो. अंगाची वरची बाजू आवळत चालली होती, आणि आतून कुणीतरी धक्के मारतंय असं वाटत होतं. मी दम धरला. किती धरणार? खालच्या टोकाशी आवाज झाला. टक. फार मोठा नव्हे; काडी मोडावी तेवढाच. पण पलीकडे सावलीत बाण सरळ करत बसलेला शाउरी ताडकन उठला आणि धावत आला. त्याने मला उचललं आणि टोक बघितलं. चीर पडली होती.

तळावर सागिरू नावाचा म्हातारा होता. सगळ्यांचा आजोबा. उभ्या आयुष्यात त्याने इतकी धनुष्यं केली होती की त्यांची गणती त्यालाही नव्हती. शाउरी मला घेऊन त्याच्याकडे गेला. सागिरूने डोळे मिटले आणि अंगठ्याचं नख चिरेवरून सावकाश वर नेलं.

"उन्हात ठेवला होतास?"

"लवकर वाळावा म्हणून, आजोबा."

"शाबास. आणि तुला उन्हात बसवून पाणी न देता वाळवलं तर?" म्हातारा खवळला. "अरे गाढवा, आधी सावलीत आण त्याला!"

शाउरीने मला झाडाखाली नेलं. सागिरूने पुन्हा नख फिरवलं.

"हे बघ. चीर लाकडाच्या रेषेवरून सरळ वर गेली तर घाबरायचं नाही. ती म्हाताऱ्याच्या तोंडावरची सुरकुती. मला आहेत, मी मेलोय का? पण ही चाललीय गाठीकडे. गाठीपाशी रेषा वळतात. चीर तिथे पोचली की ती पण वळणार आणि कडेतून बाहेर पडणार. मग हा दांडा नाही, सरपण."

"किती राहिलंय?"

म्हाताऱ्याने बोटं टेकवून मोजलं. "चार बोटं."

"टोक कापून टाकू?"

"आखूड होईल. तुझ्या हाताच्या ताणाला पुरायचा नाही. दुसरा तोड, सावकाश वाळव."

"वेळ नाही, आजोबा."

"मग जा, सासूच्या पाया पड!" सागिरू म्हणाला, आणि लगेच त्याचा आवाज उतरला. "बरं, ऐक. सोललेली साल आहे ना? ती ओली कर, गुंडाळ याला. टोकांना चिखल थाप. खडकाच्या कपारीत ठेव, वारा लागणार नाही अशा जागी. आणि घाई सोड. घाई केलीस तर हातचा जाईल."

घाई सोड! ज्याच्या घराला दिवस मोजून दिलेत, त्याने घाई सोडायची कशी? तरी शाउरीने सांगितलं तसं सगळं केलं. मग त्याचा एक नेम झाला. सकाळी उठून तो खळग्यावर जाई, पाण्यात काठी बुडवून ओला भाग बोटांनी मोजी. मग कपारीशी येई आणि माझ्या चिरेपासून गाठीपर्यंतची जागा बोटांनी मोजी. तिकडे पाणी कमी होत होतं, इकडे ही जागा कमी होत होती. चारची तीन बोटं झाली. चिखल वाऱ्याने सुकून गळून पडे. तो पुन्हा थापी. तीनची दोन झाली.  मला वाटायचं, ओरडून सांगावं की मीही झटतोय रे बाबा, मुद्दाम नाही फाटत!

वांदे रोज तिथून जायची. एकदा थांबली.

"काय रे लाकडा, कपारीत लपून बसलायस? बायकांसारखी सावली लागते का तुला? आमच्या वेळचे दांडे उन्हात वाळायचे."

"आई, पुरे ना!" पिली म्हणाली.

"मी लाकडाशी बोलतेय. तुला कशाला झोंबतंय?"

पिलीने तोंड फिरवलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं ते मला दिसलं. आणि तिच्या आईलाही दिसलं असणार, कारण ती तशीच निघून गेली.

पुढचं मी शाउरीच्या तोंडून ऐकलं. दुसऱ्या दिवशी मधाचं पाखरू आलं. माणसं निघाली, शाउरीही निघाला. पोळं निघालं, मध खाऊन झाला, आणि नेहमीप्रमाणे जाळ पेटवला गेला. शाउरीने मेणाचा गोळा मुठीत घट्ट धरून ठेवला.

"टाक आगीत," एकजण म्हणाला.

"नाही टाकत. मला हवंय."

"वेड लागलं का? पाखराचं पोट भरलं तर उद्या तुझी सासू दाखवणार पोळं?"

सगळे हसले, पण आगीभोवतीची माणसं पुढे सरकली. मेण ठेवणं म्हणजे सगळ्यांचा मध घालवणं, असं आमच्याकडे लहान मूलही मानतं. शाउरीने मूठ पाठीमागे नेली. आता हातघाईवर येणार, तेवढ्यात मागून सागिरू काठी टेकत आला. काय चाललंय ते विचारलं, आणि ऐकून पोट धरून हसायला लागला.

"अरे शहाण्यांनो! ते मेण आगीत गेलं काय आणि याच्या पिशवीत गेलं काय, पाखराला काय मिळालं? काही नाही! ते उपाशीच ना? मग नेऊ दे की त्याला!"

एकेक जण बाजूला सरकला. इतकी वर्षं जाळत आले, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. शाउरी तर स्वतःवरच इतका चिडला, की वाटभर आपल्याच कपाळावर हात मारत आला.

त्याने मेण ऊनऊन करून माझ्या टोकांना चोळलं, आणि चिरेच्या तोंडात भरलं. मला कधी इतकं बरं वाटलं नव्हतं! टोकांतून ओल भसाभसा जायची थांबली. दुसऱ्या सकाळी त्याने बोट टेकवलं. एक बोट. त्याच्या पुढच्या सकाळी, एक बोट. चीर थांबली होती.

"थांबली, पण मेली नाही," सागिरूने बजावलं. "ताणलास की ती पुन्हा तोंड उघडणार. गाठीच्या खाली तांतीने आवळून बांध. ओली तांत बांधायची, वाळताना ती स्वतःच आवळते."

आता तांत कुठून आणायची? तांत जनावराच्या पाठीतून निघते. जनावर मारायला धनुष्य हवं, आणि धनुष्याला तांत हवी. शाउरी माझ्याशेजारी डोकं धरून बसला. खळग्यात दोन दिवसांचं पाणी उरलं होतं, गाळ धरून.

तेव्हा वांदे आली. शाउरी तिला बघून चार पावलं मागे सरकला आणि पाठ करून बसला. ती माझ्यासमोर उकिडवी बसली. तिच्या हातात झेब्र्याच्या पाठीची लांबलचक सुकी तांत होती, नीट गुंडाळलेली.

"लाकडा, ही मी नातीच्या गळ्यातल्या मण्यांसाठी जपून ठेवली होती," ती म्हणाली. "ती काही आत्ताच मागत नाहीये. पण एक ध्यानात ठेव. शब्द दिला तो दिला. पाणी संपलं की मी निघणार. पोरीचं रडकं तोंड मला बघवत नाही म्हणून देतेय, कुणाची कीव आली म्हणून नाही."

मग तिने ती तांत तोंडात घातली आणि चावायला लागली. तांत चावून मऊ करावी लागते. तिच्या तोंडात दातच मोजके. ती एका बाजूने चावायची, दुखलं की दुसऱ्या बाजूने. अर्धा दिवस चावत बसली होती ती बाई! पिलीने "मी करते" म्हटलं, तर तिच्या अंगावर खेकसली. शेवटी लाळेने ओली झालेली ती तांत तिने पिलीच्या हातात दिली, पिलीने शाउरीच्या. त्याने ती गाठीच्या खाली इतकी आवळून बांधली की मी कळवळलो.

दोन दिवस तांत वाळली. त्यातल्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शाउरीने माझ्यावर दोरी चढवली. नवं धनुष्य एकदम पुरं ताणायचं नसतं, मित्रांनो. आज थोडं, उद्या थोडं, असं शिकवत न्यायचं असतं. मला शिकायला एक संध्याकाळ मिळाली. त्याने मला निम्म्यापर्यंत वीस-पंचवीस वेळा ताणलं. तेवढंच.

सकाळी खळग्यात चिखल होता. बायका सामान बांधायला लागल्या. पिली पोरीला पाठीवर बांधत होती. शाउरी तिच्याजवळ गेला आणि नुसता उभा राहिला.

"लवकर ये," ती म्हणाली.

"नाही आलो तर?"

"असं बोलू नको!"

तो निघाला. सूर्य चांगलाच वर आला तेव्हा काटेरी झुडपांत त्याला कुडू हरणाचा एक मोठा नर दिसला. पिळदार शिंगांचा, एकटाच, पानं ओरबाडत होता. मधलं अंतर पन्नास पावलांचं. निम्म्या ताणाने बाण तिथवर पोचला नसता. शाउरी पोटावर सरकत दहा पावलं पुढे गेला. अजून दहा जायला हवी होती. इतक्यात वारा फिरला आणि आमच्या पाठीवरून सरळ त्या जनावराकडे गेला. त्याने मान वर केली.

आता नाहीतर कधीच नाही. शाउरीने विषारी बाण लावला आणि मला ताणलं. निम्म्यापर्यंत, जिथवर मी ओळखत होतो. मग त्याच्या पुढे. माझं सगळं अंग चिरेकडे ओढलं जात होतं. तांत करकरली. आणि खाली आवाज झाला. टक.

त्याने ऐकलं. मला कळलं, कारण त्याचा गाल दोरीपासून थोडा मागे गेला. त्या गालावर जखमेचा व्रण होता. हात सैल सोडावा, धनुष्य वाचवावं, तोंड वाचवावं, एवढं एका श्वासात त्याच्या मनात येऊन गेलं असेल. "थांब रे," तो पुटपुटला. "एवढाच एक बाण."

मी भ्यालो होतो, खरंच सांगतो. मला मोडायचं नव्हतं. मी होतं नव्हतं तेवढं बळ त्या बांधलेल्या जागी गोळा केलं. शाउरीने गाल पुन्हा दोरीला टेकवला, मला कानापर्यंत ओढलं आणि सोडलं.

बाण खांद्यामागे घुसला. कुडू उसळला आणि झुडपं मोडत पळाला. शाउरीने तिकडे बघितलं नाही. आधी माझ्याकडे बघितलं. चीर अर्धं बोट पुढे आली होती आणि तांतीच्या वेढ्याखाली जाऊन थांबली होती. गाठ शाबूत होती. मग तो खाली बसला आणि मला पोटाशी धरून रडला. मोठा बाप्या माणूस!

विष चढायला वेळ लागतो. माग काढत काढत जनावर सापडलं तेव्हा दुपार उलटली होती. त्याने एक मांडी आणि काळीज घेतलं, बाकीचं माणसं आणून न्यावं म्हणून फांद्यांनी झाकलं, आणि जुन्या तळावर आला. तिथे कुणीच नव्हतं. राख, गोरखचिंचेच्या बियांची टरफलं, आणि पायांचे ठसे खाली झऱ्याकडे गेलेले. पिलीची पावलं तिच्या आईच्या पावलांच्या अगदी मागोमाग होती. शाउरी त्या ठशांकडे बघत उभा राहिला.  पाणी संपलं होतं, शब्दाची वेळ टळली होती, आणि वांदे शब्दाची पक्की.

झऱ्यावर आम्ही पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. आमच्याकडे झोपड्या बायका बांधतात. वांदेची झोपडी उभी होती. तिच्यापासून जरा अंतर सोडून, जावयाची झोपडी जेवढी लांब असायला हवी तेवढ्याच अंतरावर, दुसरी एक झोपडी होती. तिच्यावरचं गवत दुपारीच कापलेलं असावं, कारण ते आता कोमेजून पिवळं पडायला लागलं होतं. दारात पिली बसली होती.

शाउरीने मांडी खाली ठेवली. "ही कुणाची?"

"आपली," पिली म्हणाली. "आल्या आल्या आईने बांधायला घेतली. मी म्हटलं, आई, तो अजून आला नाही, काही मिळालंय की नाही ठाऊक नाही. तर म्हणाली, तोंड बंद कर आणि गवत दे."

झोपडीच्या मागच्या अंगाला, जिथे ऊन येत नाही आणि चुलीची धग पोचत नाही, तिथे एक दोन फाट्यांची फांदी जमिनीत रोवलेली होती. तिचं बेचकं सालीने नीट गुंडाळलं होतं. शाउरीने मला तिथे ठेवलं. मी बरोबर बसलो.

वांदे पाणी भरून परत येत होती. ती माझ्यासमोर थांबली, जावयाकडे पाठ करून.

"आलास का रे लाकडा?" ती म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "किती उशीर! माझा जीव अर्धा झाला." मग तिने बोटाने माझी चीर चाचपली, आपण चावलेल्या तांतीपाशी थांबली, आणि कमरेच्या पिशवीतून शाउरीच्या गोळ्यातलं उरलेलं थोडं मेण काढून तिथे चोळू लागली.

त्यानंतर मी सहा उन्हाळे शिकार केली. आता माझी ताकद गेली आहे, आणि नवे दांडे माझ्यापेक्षा देखणे आहेत. त्याचं मला काही वाटत नाही. तुम्हाला एवढंच सांगायचं आहे, मित्रांनो: ओलं लाकूड हातात आलं तर त्याला उन्हात ढकलू नका, त्याची टोकं झाका, त्याला वेळ द्या. आणि तरीही चीर पडलीच, तर फेकायच्या आधी कुठवर गेली आहे ते बोट टेकवून बघा. एक बोट जरी उरलं असेल तरी बांधायला जागा आहे.